पडवीतला जुना फ्रीज: विकावा, द्यावा की मोडीत काढावा?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही सांगलीला स्वतःच्या घरात राहतो. १९९७ साली घेतलेला १६५ लिटरचा एका दाराचा फ्रीज आमच्याकडे अजून चालू आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाने नवा दोन दारांचा फ्रीज घेऊन दिला, तेव्हा जुना मागच्या पडवीत गेला. त्यात साय, विरजण, पाण्याच्या बाटल्या आणि उन्हाळ्यात आमरस एवढेच असते. यजमानांनी दुकान बंद केले तेव्हाचा आइस्क्रीमचा छोटा डीप फ्रीझरही तिथेच आहे. तो आम्ही फक्त हिवाळ्यात मटार साठवायला लावतो. एरवी महिन्याला ३१५ ते ३३० युनिटे पडतात. भंगारवाला जुन्या फ्रीजचे बाराशे रुपये देतो म्हणतो. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनीही तो मागितला आहे. यजमान म्हणतात, चालती वस्तू मोडीत काढू नये. फ्रीजच्या मागच्या पट्टीवर आर-१२ असे लिहिले आहे. गॅस आतापर्यंत दोनदा भरला, शेवटचा २०१५ च्या सुमारास. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार. भंगारात घालणे, मावशींना देणे आणि आहे तसा चालू ठेवणे, हे तुमच्या पत्रातले तीनही मार्ग मला पटत नाहीत. माझा सल्ला असा, की हा फ्रीज या महिन्यातच बंद करावा, कोणालाही वापरायला देऊ नये आणि नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे तो अखंड स्थितीत पोहोचेल अशी व्यवस्था करावी. डीप फ्रीझरचे गणित वेगळे आहे, त्याकडे शेवटी येतो.

आधी यजमानांच्या म्हणण्याचा विचार करू, कारण ते चुकीच्या संस्कारातून आलेले नाही. लोखंडी कपाट पन्नास वर्षे वापरले तर ती पन्नास वर्षांची बचतच ठरते, कारण कपाटाला रोज खायला घालावे लागत नाही. फ्रीज मात्र दिवसरात्र वीज घेतो आणि त्याच्या आयुष्यात लागणाऱ्या एकूण ऊर्जेतला बहुतांश भाग तो कारखान्यात घडवताना खर्च होत नसून घरात चालवताना खर्च होतो. शिवाय नवा फ्रीज आल्यावर जुना बंद झाला असता तर तुमचा विजेचा वापर कमी झाला असता. प्रत्यक्षात जुना पडवीत सरकला आणि दोन्ही चालू राहिले, म्हणजे कमी वीज खाणारे यंत्र घेऊनही घराचा वापर वाढला. ही गोष्ट केवळ तुमच्या घरी घडलेली नाही. नवा फ्रीज घेणाऱ्या कितीतरी घरांत जुन्याला निवृत्ती मिळण्याऐवजी बदली मिळते.

आता आकड्यांकडे वळू. तुमचा फ्रीज १९९७ चा आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ताऱ्यांची पट्टी २००६ साली सुरू झाली आणि फ्रॉस्ट फ्री (ज्यांत बर्फ साचत नाही अशा) फ्रीजवर ती २०१० मध्ये सक्तीची झाली, त्यामुळे तुमच्या फ्रीजवर वर्षाला किती युनिटे लागतात हे सांगणारे काहीच लिहिलेले नसणार. त्या पिढीचा आणि त्या वयाचा एका दाराचा फ्रीज आपल्याकडच्या हवेत दिवसाला सव्वा ते पावणेदोन युनिटे घेतो असे धरायला हरकत नाही. दीड धरले तर महिन्याला ४५ आणि वर्षाला साधारण ५५० युनिटे होतात. साधारण याच आकाराच्या नव्या एका दाराच्या फ्रीजवरची पट्टी पाहिलीत तर ताऱ्यांनुसार वर्षाला शंभर ते पावणेदोनशे युनिटे एवढाच आकडा दिसेल.

या ४५ युनिटांचे पैसे मोजताना बिलाची एकूण रक्कम भागिले युनिटे असा सरासरी दर लावू नये. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिली १०० युनिटे, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. पडवीतला फ्रीज ही तुमच्या घरातली वरची भर असल्यामुळे त्याची युनिटे बिलाच्या सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यात मोडतात. तुमच्या ३१५ ते ३३० युनिटांतून ४५ वजा केली की तुम्ही ३०० च्या खाली येता, म्हणजे १५ ते ३० युनिटे तिसऱ्या टप्प्याच्या दराची आणि उरलेली दुसऱ्या टप्प्याची वाचतात. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवल्यावर यांतले एकही युनिट दहा रुपयांच्या खाली पडत नाही. भंगारवाल्याचे बाराशे रुपये तुम्ही या फ्रीजच्या विजेवर तीन महिन्यांच्या आत खर्च करत आहात.

माझ्या अंदाजावर विसंबायचे नसेल तर मोजून पाहा. भिंतीतला सॉकेट आणि फ्रीजचा प्लग यांच्यामध्ये लावायचा छोटा वीजमापक बाजारात मिळतो. तो पूर्ण २४ तास लावून ठेवावा, कारण कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो आणि तासाभराच्या मोजणीवरून काहीच कळत नाही. मापक नको असेल तर गावाला जाण्याची संधी साधावी. निघताना नवा फ्रीज रिकामा करून बंद करावा, इन्व्हर्टर, राउटर आणि टीव्हीचा सेट टॉप बॉक्स यांचे प्लग काढावेत, जुना फ्रीज तेवढा चालू ठेवावा आणि मीटरचे वाचन वेळेसह लिहून ठेवावे. परत आल्यावर पुन्हा वाचन घेतले की दिवसाचा वापर हाती येतो. या मोजणीत दार एकदाही उघडले जात नाही, म्हणून रोजच्या वापरातला खरा आकडा त्याहून थोडा जास्त धरावा. जुन्या फ्रीजशेजारी लाकडी फळीवर स्टॅबिलायझर असेल तर तोही फ्रीजच्याच खात्यात मोजावा.

एवढी वीज जाते कुठे, तेही एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. दाराच्या रबराच्या घडीत एक नोट ठेवून दार लावा आणि ती ओढून पाहा. चांगले रबर नोट धरून ठेवते. तुमच्याकडे ती बहुधा खालच्या कोपऱ्यातून सहज निसटेल, कारण तिथले रबर कडक होऊन त्यात काळी बुरशी धरलेली असते. मग मागच्या काळ्या जाळीकडे पाहा. आतली उष्णता बाहेर टाकण्याचे काम तिचे असते आणि पडवीतल्या धुळीचा थर तिच्यावर बसला की तेच काम करायला कॉम्प्रेसरला जास्त वेळ धावावे लागते. त्यात पडवीला दुपारचे ऊन येत असेल तर मार्च ते मे या काळात तो जवळजवळ थांबतच नाही. भिंतींतला पफचा (पॉलियुरेथेनचा) फेस इतक्या वर्षांत ओलावा धरतो आणि त्याची उष्णता अडवण्याची ताकद घटते. रबर बदलता येते, जाळी साफ करता येते, पण फेस बदलता येत नाही. म्हणून या वयाच्या फ्रीजवर दुरुस्तीचा खर्च करावा असे मी सांगणार नाही.

यजमानांना सांगण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेत अनेक वीज कंपन्या ग्राहकांचे जुने फ्रीज आणि फ्रीझर स्वतः गाडी पाठवून उचलून नेतात आणि वर ग्राहकालाच काही रक्कम देतात. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००६ साली अशा उपकरणांच्या जबाबदार विल्हेवाटीसाठी एक स्वेच्छा कार्यक्रमही सुरू केला. वीज कंपन्यांच्या या योजनांत सर्वसाधारण अट अशी असते, की फ्रीज चालू स्थितीत असला पाहिजे. बंद पडलेला फ्रीज वीज खातच नाही, त्यामुळे तो नेऊन कंपनीची एक युनिटही वाचत नाही. तिला तळघरात किंवा गॅरेजमध्ये बाटल्या थंड करत बसलेला, धडधाकट दिसणारा दुसरा फ्रीजच हवा असतो. थोडक्यात, ‘चालता आहे’ हे यजमानांचे कारणच तिकडे तो मोडीत काढण्याची पात्रता ठरते. आपल्याकडेही काही वीज कंपन्या जुनी उपकरणे बदलून देण्याच्या योजना अधूनमधून काढतात. तुमच्या भागात सध्या तशी काही आहे का, हे बिलाबरोबर येणाऱ्या सूचनांत पाहावे.

मावशींचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो, कारण त्यांना नकार देणे कोतेपणाचे दिसेल. पण तुम्ही फ्रीज दिलात तर त्याचे बिलही त्यांच्याकडे जाईल. समजा त्यांच्या घरी महिन्याला ८० युनिटे पडतात. फ्रीज गेल्यावर ती १२५ होतील, म्हणजे शंभराच्या आत राहणारे बिल पुढच्या टप्प्यात शिरेल, आणि त्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या घरात आहे. तुम्हाला जो खर्च आज जाणवत नाही तो त्यांना दर महिन्याला जाणवेल. त्याहून गंभीर गोष्ट अर्थिंगची आहे. जुन्या फ्रीजचा सांगाडा पत्र्याचा असतो, आतल्या वायरींचे आवरण कडक होऊन तडकते, आणि छोट्या घरात अनेकदा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीवर लावलेला असतो. ओल्या हातांनी दार उघडणाऱ्या माणसाला अशा फ्रीजचा धक्का बसू शकतो. त्यांना फ्रीजची खरोखर गरज असेल तर जुना बंद केल्यामुळे वर्षभरात वाचणारे पाचसहा हजार रुपये त्यांच्या नव्या, जास्त ताऱ्यांच्या छोट्या फ्रीजसाठी द्यावेत. ती रक्कम किमतीतला दखल घेण्याजोगा वाटा होते आणि उरलेले हप्ते त्यांना विजेच्या कमी बिलामुळे पेलतात. त्यांना हे सांगताना बिलाचे गणित मोकळेपणाने मांडावे; महिन्याचा हिशेब त्या तुमच्या-माझ्यापेक्षा चोख ठेवत असतील.

एक्स्चेंज ऑफरबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी ओघाने सांगतो. दुकानदार चालत्या जुन्या फ्रीजचे पैसे देतो तेव्हा त्यातले बरेचसे तो फ्रीज पुढे विकला जाईल या भरवशावर असतात. तो एखाद्या टपरीत किंवा भाड्याच्या खोलीत पुन्हा लागला तर तुमच्या बिलातली युनिटे दुसऱ्याच्या बिलात गेली, वाचली काहीच नाहीत.

आता भंगारवाला. त्याच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. आपल्या शहरांतले लोखंड आणि तांबे पुन्हा भट्टीपर्यंत पोहोचते ते बहुतांशी त्याच्याच हातगाडीवरून. पण फ्रीज त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो पैसे मोजतो ते मुख्यतः कॉम्प्रेसरमधल्या तांब्याच्या वेटोळ्यासाठी आणि पत्र्यासाठी. म्हणून सर्वप्रथम कॉम्प्रेसरजवळची नळी कापली जाते, फुस्स आवाज होऊन गॅस हवेत जातो, घणाने कॉम्प्रेसरचे कवच फोडले जाते, आतले तेल जमिनीवर सांडते, आणि पत्र्याला चिकटलेला पफ खरवडून उकिरड्यावर टाकला जातो किंवा जाळला जातो.

तुमच्या फ्रीजच्या पट्टीवरचा आर-१२ हा ओझोनचा थर विरळ करणारा वायू आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात भारत १९९२ साली सामील झाला. २००३ च्या सुरुवातीपासून नव्या फ्रीजमध्ये असे वायू वापरायला बंदी आली आणि ऑगस्ट २००८ मध्ये देशात त्यांचे उत्पादन थांबले. हवा तापवण्याच्या बाबतीत हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट पडतो. घरगुती फ्रीजमध्ये तो शंभर ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे एक नळी कापली की एक टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. आपल्या देशातल्या एका युनिट विजेमागे सरासरी सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरले, तर त्या एका फुस्स आवाजात या फ्रीजच्या अडीच वर्षांच्या विजेएवढे नुकसान आहे.

मात्र तुम्ही गॅस दोनदा भरला आहे, आणि त्यामुळे चित्र थोडे बदलते. गॅस आपोआप ‘संपत’ नाही, तो गळतो. म्हणजे मूळचा आर-१२ केव्हाच हवेत गेला आहे. २०१५ च्या सुमारास नवा आर-१२ मिळत नव्हता, त्यामुळे मेकॅनिकने बहुधा दुसराच वायू भरला असेल आणि पट्टीवरचे नाव आता पुरावा म्हणून उपयोगाचे नाही. जुन्या फ्रीजमध्ये हायड्रोकार्बनचे मिश्रण भरण्याची पद्धत आहे. हवेच्या दृष्टीने ते जवळजवळ निरुपद्रवी असते, पण ज्वलनशील असते, आणि गॅसकटर हातात असलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल तर अपघात होऊ शकतो. भिंतीतल्या पफचा प्रश्न तर तसाच राहतो. त्या काळी हा फेस फुगवायला आर-११ वापरत. तोही ओझोनचा शत्रू आहे आणि कार्बन डायऑक्साइडच्या साडेचार हजार पटींहून अधिक तापवणारा आहे. नळ्यांत मावतो त्यापेक्षा जास्त वायू या फेसाच्या बुडबुड्यांत कोंडलेला असतो आणि दोनदा गॅस भरला तरी त्याला कोणी हात लावलेला नसतो. फ्रीज अखंड द्यावा असे मी म्हणतो ते मुख्यतः यासाठी.

तो द्यायचा कोणाला? १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत फ्रीजचा समावेश आहे. पूर्वी विकलेल्या मालाच्या ठरावीक प्रमाणात जुना माल पुनर्चक्रित झाल्याची प्रमाणपत्रे उत्पादक कंपन्यांना दाखवावी लागतात. हे प्रमाण सुरुवातीला ६० टक्के होते, २०२५-२६ पासून ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के आहे. कंपनीने स्वतःच्याच नावाचा फ्रीज परत घ्यावा असे बंधन त्यात नाही, त्यामुळे तुमच्या फ्रीजची कंपनी आज बाजारात नसली तरी अडत नाही. मुलाने घेऊन दिलेल्या नव्या फ्रीजच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून ई-कचरा संकलनाची चौकशी करावी, किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून आपल्या विभागातला पुनर्चक्रण करणारा शोधावा. त्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडची नोंदणी विचारावी आणि पुढे दोन प्रश्न जरूर विचारावेत: नळ्यांतला गॅस तुम्ही यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये भरता का, आणि पफचे काय करता? दुसऱ्या प्रश्नावर काही जण गडबडतील. कंपन्यांच्या प्रमाणपत्रांचा हिशेब सोने, तांबे, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड या धातूंवर बांधलेला आहे, त्यामुळे फेसाकडे काळजीपूर्वक पाहण्याची ओढ कमी असते. निदान पहिल्या प्रश्नाचे नीट उत्तर देणाऱ्यालाच फ्रीज द्यावा. धातू योग्य जागी पोहोचल्याचा फायदाही लहान नाही: खनिजापासून नवे अ‍ॅल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या सुमारे ५ टक्क्यांतच जुने अ‍ॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येते.

सांगलीहून एकट्या फ्रीजसाठी कोणी गाडी पाठवेलच असे नाही. गल्लीत किंवा नातेवाइकांत चौकशी करा, आणखी चारपाच घरांच्या पडव्यांत आणि गच्च्यांवर असे फ्रीज निघतील. एकत्र निरोप दिलात तर गाडी येण्याची शक्यता वाढते. बाराशेऐवजी पाचशे मिळाले किंवा काहीच मिळाले नाही तरी नाराज होऊ नये, तीन महिन्यांच्या बिलात ते भरून निघतात. देताना पावती मात्र घ्यावी आणि तीत फ्रीजचा अनुक्रमांक लिहून घ्यावा.

गाडी येईपर्यंतची काळजी अशी. फ्रीज बंद करून बर्फ आपोआप वितळू द्यावा. घाईने सुरीने खरवडू नये, कारण बर्फाच्या कप्प्याचा पत्रा पातळ असतो, त्याला भोक पडले की गॅस तुमच्याच हाताने जातो. फ्रीज उभाच ठेवावा आणि उभाच न्यावा. त्या काळच्या फ्रीजना दाराला कुलूप-किल्ली असते, आणि काहींचे दार आतून उघडत नाही. सुट्टीत नातवंडे लपाछपी खेळतात. बंद फ्रीज त्यांना लपायला उत्तम जागा वाटते आणि आत गुदमरायला फार वेळ लागत नाही. म्हणून कुलूप काढून टाकावे आणि चार स्क्रू सोडवून दारच उतरवून भिंतीशी ठेवावे. ते जमण्यासारखे नसेल तर फ्रीजचे तोंड भिंतीकडे करून त्याला दोरीचे दोन वेढे घालावेत.

राहिला डीप फ्रीझर. तो वरून उघडणारा असल्यामुळे झाकण काढले तरी थंड हवा खालीच राहते, ही त्याची जमेची बाजू. पण तुमचा वापर हंगामी आहे, तेव्हा आधी मटार किती लागतात ते ठरवा. सोललेले, वाफवून कोरडे केलेले तीनचार किलो मटार सपाट पिशव्यांत भरले तर नव्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मावतात; तेवढे पुरत असतील तर फ्रीझरही त्याच गाडीतून पाठवावा. दहाबारा किलो लागत असतील तर जानेवारीत भाव उतरल्यावर तो सुरू करावा, रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात, आणि मटार संपत आले की उरलेले नव्या फ्रीजमध्ये हलवून तो लगेच बंद करावा. आमरसासाठी मे महिन्यात पुन्हा लावायचा असेल तर मधल्या काळात आतून पुसून, कोरडा करून, झाकणाखाली कापडाची घडी ठेवून फट राहू द्यावी, म्हणजे कुबट वास धरणार नाही; मुलांच्या सुरक्षेसाठी ते झाकणही दोरीने बांधून ठेवावे.